खाली बसवलेली शेवरले आणि स्वतःहून वळणारी चाकं : गुहागरच्या एका पिकअपचं प्रकरण

मालकाची तक्रार मोजक्या शब्दांत होती. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, गतिरोधकावर स्टिअरिंग हातात उडी मारतं, आणि पन्नासच्या पुढे गेलं की पुढची चाकं थरथरायला लागतात. ब्रेकची लायनिंग आधीच्या गॅरेजवाल्याने बदलली, ड्रम लेथवर फिरवून आणले, शेवटी स्टिअरिंगला थरथर दाबणारा डँपरही लावला. पण गाडी डावीकडे जायची ती जातच राहिली. गुहागर ते चिपळूण रस्त्यावर डावीकडे बहुधा गटार असतं, आणि कुंभार्ली घाटाच्या उतारावर काही ठिकाणी गटारही नसतं.

गाडी शेवरले ३१००, १९५१ ची. अर्ध्या टनाची पिकअप, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) ११६ इंच म्हणजे २९४६ मिलिमीटर, सहा सिलिंडरचं इंजिन. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. १९२८ मध्ये तो सुरू झाला आणि १९५४ मध्ये कंपनीने इथलं काम आवरलं. त्यामुळे या घराण्याच्या गाड्या आपल्याकडे अधूनमधून सापडतात. काही आंब्याच्या पेट्या वाहून दमल्या, काही मासळीच्या बर्फाने कुजल्या. ही गाडी बागायतदाराच्या घरी सुपारीच्या पोत्यांमागे झाकून राहिली होती, म्हणून वाचली.

वाचली ती मुलाच्या हौसेसाठी. त्याने परदेशी गाड्यांचे फोटो पाहून ‘खाली बसलेली’ गाडी मागितली आणि एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने ती बसवून दिली. पुढून ११५ मिलिमीटर, मागून ४५. उभी असताना दिसायची सुंदर, यात वाद नाही.

पुढच्या भागाची रचना जाणून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या गाडीला पुढे एकसंध आय-बीम एक्सल आहे. दोन्ही टोकांना किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती उभी खीळ, किंगपिनवर स्टब एक्सल, त्यावर हब आणि चाक. एक्सल दोन कमानींखाली, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांखाली, यू बोल्टने बांधलेला. स्टिअरिंग बॉक्स चेसिसला, एक्सलच्या मागे. बॉक्समधून ड्रॉप आर्म निघतो आणि त्याच्यापासून ड्रॅग लिंक नावाचा दांडा चेसिसच्या कडेने पुढे जातो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून हा दांडा उजव्या चाकाच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेला. उजवं चाक वळलं की आडव्या टाय रॉडने डावं वळतं. सगळी यंत्रणा साधी, डोळ्यांना दिसणारी, पान्ह्याने उघडणारी.

या साधेपणात एक अट दडलेली आहे. ड्रॅग लिंकचं मागचं टोक चेसिसबरोबर वरखाली होतं आणि पुढचं टोक एक्सलबरोबर. दोन्ही टोकं जवळजवळ एका पातळीत असतील तर चाक खड्ड्यात गेलं काय आणि उंचवट्यावर चढलं काय, दांड्याच्या आडव्या लांबीत फारसा फरक पडत नाही. एक टोक बरंच वर असेल तर मात्र चाक वर चढताना दांडा आणखी तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी होते आणि तो स्टिअरिंग आर्मला मागे खेचतो. उजव्या चाकाचा आर्म आतल्या बाजूला असतो. तो मागे खेचला की चाक डावीकडे वळतं. ड्रायव्हरने स्टिअरिंग घट्ट धरलं असलं तरी वळतं.

आता आकडे. दांड्याची लांबी एका सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ५६० मिलिमीटर. मूळ उंचीवर पुढचं टोक मागच्यापेक्षा ३० मिलिमीटर खाली होतं (चेसिसवरच्या जुन्या खुणांवरून काढलेला अंदाज). गाडी ११५ ने खाली आली म्हणजे हे टोक मागच्यापेक्षा ८५ मिलिमीटर वर गेलं. आता चाक ५० मिलिमीटर वर चढलं असं धरा. पूर्वी एवढ्या हालचालीत आर्मचं टोक सरकायचं जेमतेम अर्धा मिलिमीटर, आता ते सरकतं १० मिलिमीटर. आर्मची लांबी १५० मिलिमीटर आहे, तेव्हा चाक वळतं ३.८ अंश. २९४६ मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीला ३.८ अंश म्हणजे साधारण ४४ मीटर त्रिज्येचं वळण. सरळ रस्त्यावर ब्रेक मारून नाक खाली गेलं की गाडी असं वळण घेऊ पाहते, आणि मालक लायनिंग बदलत बसतो.

कागदावरचं गणित गाडीवर पडताळून घेणं भाग होतं. कमानींचे बाकीचे पाटे काढून फक्त मुख्य पाटा ठेवला, चेसिस स्टँडवर घेतली, स्टिअरिंग सरळ बांधून टाकलं आणि एक्सल जॅकने दहा-दहा मिलिमीटर वर घेत गेलो. चाकाच्या हबला पट्टी बांधून तिच्या दोन टोकांपासून ताणलेल्या दोरीपर्यंतचं अंतर प्रत्येक पायरीला मोजलं. महागडं यंत्र लागत नाही. लागते ती सपाट फरशी आणि दोरीला कुणाचा पाय लागणार नाही अशी कोपऱ्यातली जागा. मोजणीत कोन गणितापेक्षा थोडा कमी आला, कारण कमान सपाट होताना एक्सल स्वतःही किंचित पुढेमागे सरकतो आणि दांड्याच्या ओढीतला थोडा वाटा खाऊन टाकतो. दिशा तीच, डावी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या भागात ती सर्रास दिसते. अशा कामाला गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवू नका. चिरा घराच्या भिंतीला शंभर वर्षं टिकतो, पण टोकावर भार आला की न सांगता फुटतो. गाडीखाली माणूस असतो.

बाकीच्या तक्रारींची मुळंही त्याच गॅरेजच्या कामात होती. उंची कमी करायला त्यांनी कमानीचे काही पाटे काढले होते, एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी. उरलेले पाटे गॅसच्या ज्वाळेने तापवून सपाट केले होते. रंग जळल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. कमानीचं पोलाद ठरावीक पाणी देऊन तयार होतं, आणि ज्वाळेने लाल केलं की ते पाणी उतरतं. असा पाटा उभ्या गाडीत दिसतो ठीक, पण भार घेऊन परत येत नाही, बसत जातो. दोन बाजूंच्या पाट्यांत फरक असल्यामुळे एक्सलची बैठकही दोन बाजूंना वेगळ्या कोनात होती. आय-बीम वाकायला कडक असला तरी पिळायला मऊ असतो. त्याला दोन बाजूंनी वेगळं धरलं तर तो पिळतो आणि डाव्या-उजव्या चाकांचा कॅस्टर वेगळा येतो. इथे फरक पाऊण अंशाचा होता.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा वरचा भाग मागे किती झुकलेला आहे तो कोन. तो असेल तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. या गाडीत तो शून्याच्या आसपास होता. कारण साधं : पुढचा भाग मागच्यापेक्षा ७० मिलिमीटर जास्त खाली बसवला होता. २९४६ मिलिमीटर लांबीवर ७० मिलिमीटरचा फरक म्हणजे १.४ अंश, आणि तेवढी सगळी चेसिस पुढे झुकली. किंगपिनही तिच्याबरोबर पुढे झुकले.

थरथर म्हणाल तर ती एका कारणाने येत नाही. एकसंध एक्सलच्या गाडीत किंगपिनचे बुश सैल असले, कॅस्टर कमी असला, चाकांचं बॅलन्सिंग नसलं आणि ड्रॅग लिंकच्या सांध्यातली स्प्रिंग दमलेली असली की ही सगळी मंडळी एका ठरावीक वेगाला एकत्र येतात. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवलं तेव्हा रिमच्या कडेला ४ मिलिमीटर खेळ सापडला. डँपर लावून हे दाबता येतं, बरं होत नाही. डँपर काढून गाडी थरथरली नाही, तरच तिचं काम झालं असं मी मानतो. आम्ही तो आधी काढून टाकला आणि परत लावलाच नाही.

सगळ्यात वाईट वस्तू मात्र शेवटी सापडली. उजव्या चाकाचा स्टिअरिंग आर्म. टायर घासू नये म्हणून कुणीतरी तो कापून, वाकवून, परत वेल्ड केला होता. वेल्डची गाठ ग्राइंडरने गुळगुळीत करून वर काळा रंग. तडे शोधायचा लाल रंगाचा पेनिट्रंट फवारून पुसला आणि पांढरा डेव्हलपर मारला, तेव्हा गाठीच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा.

बागायतदार काकांना ती रेघ दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुलाकडे बघून म्हणाले, “फेरीबोटीवरून उतरताना तुटला असता तर?” मुलाने उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून उंचीचा हट्ट त्याने स्वतःच सोडला.

काय करायचं, यावर तीन मार्ग पुढे आले.

पहिला मुलाचा. फोर्डच्या मस्टँग टू गाडीचा, म्हणजे १९७४ ते १९७८ च्या मॉडेलचा, पुढचा आडवा भाग अमेरिकेत जुन्या पिकअपना बसवतात. डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होणारी रचना), रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, सगळं एका साच्यात. त्या नमुन्यावर तयार संच विकणारे तिथे भरपूर आहेत. इथे त्याचा अर्थ असा, की चेसिसचे पुढचे दोन दांडे कापायचे, कुठल्या तरी देशी एसयूव्हीचा पुढचा भाग आणून वेल्ड करायचा, इंजिनची बैठक हलवायची. चालवायला गाडी नक्कीच सुधारते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिवाय काकांच्या डोक्यात विंटेज नोंदणी होती. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी खासगी वाहनांना ती मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,००० आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. त्यातली एक अट मोठी. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला चालत नाही. चेसिस कापली की हा दरवाजा कायमचा बंद. पिकअपची नोंद मालवाहू म्हणून असेल तर गुंता आणखी वेगळा, तो आधी आरटीओत जाऊन सोडवावा आणि मग पान्हा हातात घ्यावा.

कायदा बाजूला ठेवला तरी इथल्या हवेत चेसिसला नवं वेल्डिंग करणं मला पटत नाही. पेटीसारख्या बंद भागात आतून रंग पोचत नाही. समुद्रावरून येणारी खारी हवा, पावसाळ्यातले चार महिने ओल आणि वर फेरीच्या रॅम्पवर उडणारं खाडीचं पाणी. जोड आतून गंजतो आणि बाहेरून चकचकीत राहतो.

दुसरा मार्ग म्हणजे ड्रॉप एक्सल. आय-बीमची दोन्ही टोकं जास्त वर वळवलेली असतात, त्यामुळे कमानी तशाच ठेवून गाडी खाली येते. परदेशातून मागवता येतो, पण खर्च आणि वाट पाहणं दोन्ही जबर. इथल्याच भट्टीत मूळ एक्सल तापवून वाकवून देतो म्हणणारा एक जण भेटला होता. त्याला चहा पाजून परत पाठवलं. फोर्जिंग केलेला, पुढच्या चाकांचा सगळा भार घेणारा भाग अंदाजाने तापवून खेचणं म्हणजे वेल्ड केलेल्या आर्मचीच मोठी आवृत्ती. एक्सल वर उचलून कमानीच्या वरच्या बाजूला बांधायचा असाही एक प्रकार असतो. पण त्यात एक्सल आणि टाय रॉड इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली इतके जवळ येतात, की एका खड्ड्यात टाकी फुटायची. आणि कमानीच्या खाली एक्सल असलेल्या गाडीत मधे ठोकळे घालून उंची कमी होत नाही, उलट वाढते. हे सांगावं लागतं, कारण मागच्या चाकांना ठोकळे घालून खाली केलेल्या गाड्या बघून लोक पुढेही तेच मागतात.

आम्ही तिसरा मार्ग धरला. कमी खाली आणायचं आणि स्टिअरिंगची टोकं परत पातळीत आणायची. सगळं बोल्टने, चेसिसला एकही नवं भोक न पाडता.

कमानी नव्याने बांधून घेतल्या. महामार्गावर ट्रकच्या कमानी बांधणारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे कमानीच्या पोलादाच्या नव्या पट्ट्या, भट्टी आणि पाणी द्यायची टाकी असते. त्यांना वेगळं सांगायचं होतं ते एवढंच : मुख्य पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाची गोल वळी, वरच्या बाजूला न वळवता खालच्या बाजूला वळवा. चेसिस डोळ्याला टांगलेली असते, त्यामुळे डोळा पाट्याखाली आला की चेसिस तेवढी खाली येते. या गाडीत त्यातून ४० मिलिमीटर मिळाले. पाट्यांची कमान थोडी कमी ठेवून आणखी २५. एकूण ६५. मिस्त्रींनी आधी मान हलवली. “उलटा डोळा केला तर लोक म्हणतील, मिस्त्रीला कमान कळत नाही.” दुसरा पाटा डोळ्यावरून अर्धा गुंडाळून द्यायची त्यांची नेहमीची सवय इथे चालत नव्हती, हेही त्यांच्या नाराजीचं कारण असावं. मग डोळ्याजवळचे क्लिप दुप्पट जाड करून त्यांनी मनाचं समाधान केलं, आणि त्यात त्यांचं बरोबरच होतं. दोन्ही बाजूंचे पाटे संख्येने, जाडीने आणि लांबीने सारखे घेतले. बसवल्यावर एक्सलचा पीळ गेला आणि कॅस्टरचा पाऊण अंशाचा फरक जवळजवळ नाहीसा झाला.

कॅस्टर वाढवायला कमान आणि एक्सलच्या मधे दोन अंशांची पाचर घातली, जाड बाजू मागे. बाजारात अशा पाचरी अॅल्युमिनियमच्या मिळतात, हलक्या आणि स्वस्त. किनारपट्टीवर त्या घेऊ नका. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले आणि मधे खारी ओल, म्हणजे अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजायला लागतं. पाचर झिजली की यू बोल्ट सैल, यू बोल्ट सैल की एक्सल सरकला. आम्ही मिलिंगवर पोलादाच्या कापून घेतल्या. सेंटर बोल्ट लांब घेतला, यू बोल्ट नवे. पुढची आणि मागची घट आता ६५ आणि ४५, म्हणजे चेसिसचा झुकाव फक्त ०.४ अंश. पाचरीसकट कॅस्टर तीन अंशांच्या जरा आत आला. रेडियल टायरला आणि या वजनाला तो पुरतो, आणि पॉवर स्टिअरिंग नसताना यापेक्षा जास्त घेतलं तर बाजारात गाडी वळवताना हात भरून येतात.

स्टिअरिंग आर्म हा सगळ्या कामाचा कणा होता. गाडी ६५ ने खाली म्हणजे ड्रॅग लिंकचं पुढचं टोक मागच्याहून ३५ वर. ते मूळच्या जवळ, म्हणजे थोडं खालीच, आणायचं होतं. म्हणून नवा आर्म असा काढला की त्याचं टोक ५० मिलिमीटर खाली येईल. आता टोक १५ मिलिमीटर खाली बसतं, चाक ५० वर चढलं की पातळी ओलांडून ३५ वर जातं, आणि या सगळ्यात आर्म सरकतो मिलिमीटरभर. कोन अर्ध्या अंशाच्या आत. चाक खाली लोंबताना तो थोडा जास्त येतो, पण ब्रेक मारताना नाक वर जात नाही, खाली जातं, म्हणून जपायची बाजू ती आहे.

आर्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून घेतला. ईएन २४ या मिश्र पोलादाचा ठोकळा, त्यातून कापून काढलेला आकार, वेल्ड नाही, वाकवणं नाही. वळणांना मोठ्या गोलाया, कारण तीक्ष्ण कोपरा म्हणजे तड्याला आमंत्रण. उष्णता प्रक्रिया, मग परत पेनिट्रंटची तपासणी. मूळ सांध्याला निळाई (निळा रंग) लावून निमुळत्या भोकात त्याची बैठक बघितली, सगळीकडे सारखी टेकली तेव्हाच आर्म स्वीकारला. बाहेर काम द्याल तेव्हा ही निळाईची तपासणी स्वतः करा. निमुळता सांधा फक्त कडेला टेकत असेल तर कितीही आवळला तरी तो कधीतरी हलणारच.

खाली आलेला आर्म रिमच्या आत मावायला हवा, म्हणून १५ इंची रुंद रिम काढून मूळ मापाच्या १६ इंची रिम परत घातल्या. मुलाच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी आली खरी. पण त्या रुंद रिमनी चाक बाहेर ढकललं होतं. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून टायरचा मध्य जितका दूर, तितका प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला जास्त झटका देतो. १६ इंची रिमने झटकेही कमी झाले आणि पूर्ण वळवल्यावर टायर कमानीला घासायचं थांबलं. शिवाय टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली तरी आर्म, टाय रॉड, यू बोल्टचे नट यातलं काही रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये. गाडी खाली आणणाऱ्या प्रत्येकाने पट्टी लावून हे बघावं.

किंगपिनचं काम नेहमीचंच. नवे बुश, दोन्ही एकाच लांब रीमरने एका रेषेत रीम केलेले, नवं थ्रस्ट बेअरिंग. एकेक बुश वेगळा रीम केला तर पिन आत जाते, पण अडकत फिरते आणि स्टिअरिंग परत येत नाही. ड्रॅग लिंकच्या सांध्यात नव्या वाट्या आणि स्प्रिंग. हबमधलं ग्रीस दुधाळ झालं होतं, खाडीचं पाणी. बेअरिंगही बदलली. स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट सैल होते, तिथे तडा नाही हे बघून आवळले. पुढचे शॉक अॅब्सॉर्बर कमी लांबीचे घेतले, कारण जुने आता खाली टेकत होते आणि तो ठोका लोकांना कमानीचा वाटतो. बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे एक्सलला वर जाताना अडवणाऱ्या रबरापर्यंत, ५० मिलिमीटरहून जास्त मोकळीक राहिली. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढून जरा जवळ ठेवायचं माप, २ मिलिमीटर.

आता रस्ता. चिपळूणहून कुंभार्लीने पाटणपर्यंत, आणि परत येताना उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेक दाबत. गाडी सरळ. गतिरोधकावर स्टिअरिंगला बोटं टेकवून ठेवली तरी ते जागेवर. साठच्या पुढे थरथर नाही. वळण झाल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येतं, हे काकांना इतकं नवं वाटलं की त्यांनी रिकाम्या रस्त्यावर दोनदा मुद्दाम सोडून बघितलं. उभी गाडी पूर्वीइतकी खाली दिसत नाही. चाकाच्या वर मुठीएवढी जागा दिसते, फोटोत ती खटकते.

धोपावे-दाभोळ फेरीचा रॅम्प मात्र वेगळी परीक्षा. भरतीला बोट धक्क्याच्या जवळपास पातळीत येते, ओहोटीला रॅम्प चांगलाच उतरता लागतो. आधीच्या उंचीवर पुढचा बंपर रॅम्पला खरवडायचा आणि चढवणारे पोरगे लाकडाच्या फळ्या घेऊन धावायचे. ६५ ने खाली असलेली गाडी ओहोटीलाही तिरकी नेली तर जाते, सरळ नेली तर बंपरचा खालचा काठ टेकतो. तेव्हा मालकाने भरतीची वेळ बघून निघावं किंवा तिरकं चढवावं. यापेक्षा जास्त खाली हवी असेल तर फेरी सोडून गाडी मोडकाआगर-चिपळूण-खेड अशी फिरवावी.

पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी परत तपासायला बोलावली होती. नवे यू बोल्ट थोडे बसतात, म्हणून ते परत टॉर्कने आवळले. पाचरी स्वच्छ. टायरची झीज दोन्ही बाजूंना सारखी, आतून खाल्लेली कड नाही. फक्त कमानीचे रबरी बुश फुगून मऊ झाले होते. घरच्या गड्याने पावसाळ्याआधी चेसिसखाली जुनं इंजिन ऑइल फासलं होतं, जसं आपल्याकडे सगळेच फासतात. लोखंडाला ते चालतं, रबराला नाही. बुश पॉलियुरेथेनचे घातले आणि काकांना सांगितलं, की ऑइल फासायचं असेल तर कमानीच्या डोळ्यांपासून आणि शॅकलपासून वीतभर लांब. वेल्ड केलेला जुना आर्म त्यांनी मागून नेला. मुलाच्या खोलीत टेबलावर ठेवलाय म्हणे.